औषधात न मोजली जाणारी औषधे

पचनाच्या जुनाट तक्रारींवर माणसे आपण होऊन जे उपाय करतात त्यांचा सर्वांत ठळक विशेष असा, की ते करणारा त्यांना औषध मानीतच नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी तो औषध म्हणून मोजतो, तिची वेळ पाळतो आणि डॉक्टरांनी विचारल्यास तिचे नावही सांगतो. परंतु सकाळी उठल्याबरोबर घेतलेली पित्ताची कॅप्सूल, जेवण जड झाले म्हणून पाण्यात ढवळलेला सोडा, रात्री कोमट पाण्याबरोबर घेतलेले चूर्ण आणि ‘गॅसवर काहीतरी द्या’ असे सांगून मेडिकलमधून आणलेली पट्टी यांची गणना तो पानसुपारीसारख्या नित्याच्या गोष्टींत करतो. या उपायांपासून होणाऱ्या नुकसानीचा मोठा भाग या न मोजण्यातून उद्भवतो, कारण जे मोजले जात नाही ते किती दिवस चालले आहे हे कळत नाही, ते दुसऱ्या औषधाच्या आड येते आहे हे ध्यानात येत नाही, आणि मूळ दुखणे झाकले जाऊन निदान लांबले तरी त्या विलंबाचे कारण कोणालाच सापडत नाही.

कायद्याची चौकट या बाबतीत पुरेशी स्पष्ट नाही. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील 1945 चे नियम यांत चिठ्ठीशिवाय विकावयाच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्ग नावाने सांगितलेला नाही. ‘शेड्यूल एच’ म्हणजे केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावयाची औषधे, आणि अशा याद्यांत जी येत नाहीत ती उरलेली व्यवहारात काउंटरवरची ठरतात. ज्यांच्या पट्टीवर चिठ्ठीची अट ठळकपणे छापलेली असते अशी अम्लशामक औषधेही नुसते नाव सांगितले की हाती पडतात, हे शहरात काय आणि तालुक्याच्या गावी काय, कोणालाही पाहता येते. यात सगळा दोष दुकानदारावर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत बसण्यापेक्षा, जेथे दोन मिनिटांत सल्ला व गोळी एकदमच मिळते त्या कोपऱ्यावरच्या दुकानात माणूस जाणारच.

जठर हे स्वभावतः अम्ल निर्माण करणारे इंद्रिय असून त्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये हायड्रोजनचे भारित कण बाहेर ढकलणारी एक यंत्रणा असते, तिला प्रोटॉन पंप म्हणतात. या अम्लावर चालणारी औषधे मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची संयुगे असलेली गुलाबी-पांढरी द्रवे व चघळण्याच्या गोळ्या, ज्या तयार झालेले अम्ल तेथल्या तेथे उदासीन करतात, तासा-दोन तासांपुरता आराम देतात आणि बाकी काही करीत नाहीत. त्यांतील मॅग्नेशियमने शौचास पातळ होते तर ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, म्हणूनच ही दोन्ही सहसा एकत्र घातलेली असतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात ही द्रव्ये साचत जातात, आणि थायरॉइडची किंवा लोहाची गोळी याच वेळी घेतली तर ती पुरेशी शोषली जात नाही. दुसऱ्या प्रकारची औषधे हिस्टामिन या द्रव्याचा पेशीवरील संदेश अडवतात. जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या संशोधनातून सिमेटिडीन हे त्यांतील पहिले यशस्वी औषध 1970 च्या दशकात बाजारात आले आणि 1988 साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातील रॅनिटिडीन महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक होते, परंतु त्यात कर्करोगकारक ठरू शकणारी एक अशुद्धी सापडल्याचे 2019 मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेने ते 2020 मध्ये बाजारातून काढले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीतूनही ते वगळले गेले.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष प्रोटॉन पंपच बंद पाडणाऱ्या औषधांचा असून ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्यांची नावे शेवटच्या ‘प्राझोल’ वरून ओळखता येतात. ही औषधे चांगली आहेत, जठराच्या व्रणावर त्यांचा चांगला गुण येतो, आणि ज्यांना हृदयविकारासाठी ॲस्पिरिन व रक्त पातळ करणारी आणखी एखादी गोळी घ्यावी लागते अशांपैकी अनेकांना ती दीर्घकाळ द्यावीही लागतात. तेव्हा त्यांच्याविषयी भीती पसरविणे हा या विवेचनाचा हेतू नाही. मात्र ती कशी काम करतात हे न कळल्यामुळे त्यांचा वापर उलटा होतो. चालू स्थितीतील पंपांवरच त्यांचा परिणाम होत असल्याने ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागतात, आणि पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस जातात. त्यामुळे चमचमीत जेवणानंतर जळजळू लागले की एक कॅप्सूल टाकायची, या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीने औषधाचा पैसा तेवढा खर्च होतो. अमेरिकेत ही औषधे चिठ्ठीशिवाय मिळू लागली तेव्हा वेष्टनावर चौदा दिवसांचा एकच क्रम आणि चार महिन्यांच्या आत तो पुन्हा न घेण्याची सूचना छापण्यात आली. आपल्याकडे तीच कॅप्सूल महिन्याच्या वाणसामानाबरोबर भरली जाते.

या कॅप्सूलच्या नावापुढे बऱ्याचदा ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे असतात, ती डोम्पेरिडोन या दुसऱ्या औषधाची खूण होय. डोम्पेरिडोन मळमळ थांबवते व जठर लवकर रिकामे करते, परंतु ते हृदयाच्या विद्युत्-लयीत बिघाड करू शकते असे आढळल्यामुळे युरोपच्या औषधनियामक संस्थेने 2014 मध्ये ते कमी मात्रेत आणि शक्यतो एका आठवड्याहून अधिक नको असे बंधन घातले. ज्याला मळमळ नाही, नुसती जळजळ आहे, त्याने हे दुसरे औषध वर्षभर का घ्यावे याचे उत्तर देता येणे कठीण आहे.

कॅप्सूल सुटत नाही याचेही एक शारीरिक कारण आहे. अम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक, म्हणजे अम्लनिर्मितीला उत्तेजन देणारे द्रव्य, अधिक प्रमाणात सोडते आणि अम्ल करणाऱ्या यंत्रणेची क्षमता वाढत जाते. मग औषध एकाएकी बंद केले की काही आठवडे अम्ल पूर्वीपेक्षाही जास्त होते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या 120 निरोगी व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले व नंतर त्यांच्या नकळत ते थांबविले, तेव्हा त्यांच्यातील 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर वा अपचन यांपैकी काही ना काही जाणवले, तर सुरुवातीपासून औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. ज्यांना आजार नव्हताच त्यांना औषधाच्या खंडाने आजाराची लक्षणे आली, हा निष्कर्ष बारकाईने ध्यानात घेण्याजोगा आहे; कारण ‘एक दिवस गोळी चुकली की लगेच त्रास होतो, म्हणजे दुखणे आत आहेच’ हे ठामपणे सांगितले जाणारे विधान त्यामुळे पुरावा म्हणून टिकत नाही. आवश्यकता संपली असेल तर ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा उतरवीत सोडावीत, मधल्या काळातील जळजळीला पहिल्या प्रकारचे साधे अम्लशामक द्रव वापरावे, आणि तीन-चार आठवड्यांच्या त्रासाची आधीच तयारी ठेवावी.

प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या दुखण्याचा क्रम येथे नोंदविणे उपयुक्त ठरेल, कारण त्यात असाधारण असे काहीच नाही. छातीच्या खाली व बेंबीच्या वर, म्हणजे पोटाच्या वरच्या भागात, उपाशीपोटी होणारी आग दुकानातून आणलेल्या कॅप्सूलने थांबली, म्हणून कॅप्सूल चालू राहिली. पुढे गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळी आली, गोळीने पोट बिघडू नये म्हणून कॅप्सूल आणखी पक्की झाली, मलावरोधासाठी चूर्ण आले, आणि हे सर्व चालू असताना जिना चढताना दम लागतो या तक्रारीसाठी लेखक डॉक्टरांकडे गेला तेव्हा ‘सध्या कोणती औषधे घेता’ या प्रश्नाला त्याने प्रामाणिकपणे ‘कोणतीही नाहीत’ असे उत्तर दिले. रक्तातील हिमोग्लोबिन बरेच उतरलेले आढळल्यावर डॉक्टरांनी घरातल्या कपाटात, उशाशी, स्वयंपाकघरात व प्रवासाच्या पिशवीत जे जे सापडेल ते सर्व एका पिशवीत भरून आणावयास सांगितले, आणि त्या पिशवीतूनच निदानाची दिशा मिळाली. तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, जिला एंडोस्कोपी म्हणतात, लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण दिसला. मात्र त्यामागे जंतू आहे की नाही याची चाचणी नकारात्मक आली. कॅप्सूल चालू असताना आलेल्या अशा नकारावर विसंबता येत नाही, असे सांगून डॉक्टरांनी व्रण भरल्यानंतर औषध थांबवून मलाची चाचणी पुन्हा करविली, आणि ती सकारात्मक निघाली.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी होय. व्रण हा चिंता, जागरण आणि तिखट खाणे यांचा परिणाम आहे अशी वैद्यकातही दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी जठरातील या वक्राकार जंतूचा संबंध दाखवून दिला, 1984 मध्ये मार्शल यांनी त्याचे संवर्धन स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, आणि 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू असणाऱ्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही, काहींना व्रण होतो आणि थोड्यांच्या बाबतीत जठराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. वाचकाने यातून लक्षात ठेवावयाची गोष्ट तपासणीसंबंधीची आहे: श्वासाची वा मलाची चाचणी करण्यापूर्वी ‘प्राझोल’ वर्गातील औषध किमान दोन आठवडे व प्रतिजैविके किमान चार आठवडे बंद असावी लागतात, एरवी जंतू असूनही तो सापडत नाही, अर्थात चाचणीसाठी औषध थांबवावयाचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा, कारण ताज्या व्रणात ते थांबविणे धोक्याचे असते. उपचारात अम्ल दाबणाऱ्या औषधाबरोबर दोन वा अधिक प्रतिजैविके बहुधा चौदा दिवस दिली जातात आणि त्यानंतर चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करावयाची असते. भारतात या जंतूवर मेट्रोनिडाझोल पुष्कळदा लागू पडत नाही, आणि जुलाब झाले की तेच औषध दोन-तीन गोळ्यांपुरते आणून घेण्याची सवय याला कारणीभूत आहे असे मानण्यास जागा आहे.

वेदनाशामकांचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती थांबवून वेदना कमी करतात, परंतु जठराच्या अस्तराचे अम्लापासून रक्षण करणारा थर याच द्रव्यांच्या आधारे टिकून असतो, त्यामुळे वेदनेबरोबर संरक्षणही जाते आणि व्रण होऊ शकतो. अशा व्रणाची वेदना पुष्कळदा जाणवत नाही, आणि पहिले चिन्ह म्हणून शौचास डांबरासारखे काळे, चिकट होणे किंवा नुसता अशक्तपणा एवढेच दिसते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो हे खरे, परंतु तो चिकटपणा त्यात नसतो. पॅरासिटामॉलचा जठराला सहसा असा उपद्रव होत नाही, मात्र बाजारातील बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर वरीलपैकी एखादे औषध मिसळलेले असते, म्हणून पट्टीमागील बारीक अक्षरे वाचणे आवश्यक ठरते. अर्धे डोके ठणकून उलटी होणे आणि उलटीनंतर बरे वाटणे याला घरोघरी पित्त उसळणे म्हणतात. ते बहुधा अर्धशिशीचे दुखणे असते, त्यावर पित्ताची कॅप्सूल निरुपयोगी ठरते आणि वारंवार घेतलेल्या वेदनाशामकाने डोकेदुखी वाढून पोटही बिघडते.

चूर्णांविषयी ‘वनस्पतीचे आहे, त्याने काय होणार’ असे म्हटले जाते, परंतु ज्या पदार्थाने काही होत नाही त्याने गुणही येणार नाही. पोट साफ होण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, आणि ती आतड्याच्या स्नायूंना व आतील स्रावांना उत्तेजित करणारे रेचक आहे. अम्लपित्तावर घेतल्या जाणाऱ्या अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर हे रेचक द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, त्यामुळे ते घेतल्यावर शौचास पातळ होणे हा अपघात नसून त्या योगाचा स्वभावच आहे. जेष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. अम्लपित्ताचा स्वतंत्र विचार माधवनिदानासारख्या ग्रंथात झालेला आहे आणि त्या शास्त्राप्रमाणे प्रकृती, काळ व अनुपान पाहून वैद्य औषध ठरवितो. डबीवरील जाहिरात वाचून घेतलेले चूर्ण आयुर्वेदाच्याही कसोटीस उतरत नाही. इसबगोल हा त्यामानाने निर्धोक उपाय आहे, तो पाणी शोषून मलाचा आकार वाढवितो, परंतु तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा लागतो, अन्यथा घशात वा आतड्यात अडकण्याची भीती असते. मुळात दररोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे हा आग्रहच तपासून पाहण्यासारखा आहे. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंतची सवय, त्रास नसेल तर, वैद्यकात सर्वसाधारण मानली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात पोट साफ होते म्हणून लावली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखू असून तिची सवय तोंडाच्या कर्करोगाकडे नेऊ शकते, ही गोष्ट शौचाच्या सोयीसाठी मोजावयाच्या किमतीत धरली पाहिजे.

खाण्याच्या सोड्याचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम सोडियम होय, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी सुचविलेली दिवसाची कमाल मर्यादा दोन ग्रॅम आहे. मीठ कमी करण्याचा सल्ला मिळालेला रक्तदाबाचा रुग्ण भाजीत मीठ टाळून फसफसणारे मीठ मात्र पाण्यातून पितो, हा विरोधाभास घरोघरी दिसतो. याहून गंभीर बाब अशी की हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला असता होणारी वेदना कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जाणवते, तिच्याबरोबर ढेकर व मळमळही येते, आणि मधुमेही व वृद्ध व्यक्तींत छातीत कळ येण्याऐवजी एवढेच लक्षण असू शकते. दरदरून घाम, दम लागणे, जबड्यात वा हातात जाणारी कळ, एकाएकी गळून जाणे यांपैकी काही सोबत असेल तर सोडा, ओवा वा ढेकराची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पोटाच्या तक्रारीवर घरगुती उपाय मुळीच करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. जेवणानंतर बडीशेप, पोट गुबारले तर ओवा, उन्हाळ्यात ताक हे सर्व निरुपद्रवी आहे, आणि रात्रीचे जेवण लवकर घेणे, जेवल्यावर लगेच आडवे न होणे, वाढलेले वजन उतरविणे, तंबाखू व मद्य सोडणे यांचाही जळजळीवर चांगला उपयोग होतो. प्रश्न मुदतीचा आहे. कोणताही विकतचा उपाय दोन आठवड्यांहून अधिक लागत असेल, किंवा बंद केला की पुन्हा पुन्हा लागत असेल, तर दुखण्याचे कारण शोधण्याची वेळ आली असे समजावे. आणि प्रयत्न न करता वजन घटणे, घास अडकणे, वारंवार उलट्या होणे, उलटीत वा शौचात रक्त दिसणे, हिमोग्लोबिन कमी होणे, संध्याकाळचा ताप, झोपेतून उठविणारी वेदना किंवा जुलाब, जवळच्या नात्यात जठराच्या वा आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, अथवा पन्नाशी-साठीच्या पुढे प्रथमच सुरू झालेली तक्रार यांपैकी काही असल्यास दोन आठवडेही थांबू नये. संध्याकाळचा ताप व घटते वजन यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण आतड्यांचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो आणि तो महिनोन्‌महिने ‘गॅस’ म्हणून हाताळला जातो. दीर्घकाळ ‘प्राझोल’ घेणाऱ्यांनी ब12 जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची तपासणी करून घेण्याविषयी विचारावे. शाकाहारी व्यक्तींत ब12 आधीच कमी असण्याचा संभव असतो, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटते.

घरात साठीपुढची माणसे असतील तर त्यांच्या उशाखालच्या, डब्यातल्या व देवघराच्या फळीवरच्या पट्ट्या, बाटल्या आणि चूर्णाच्या डब्या त्यांना विचारून एकत्र कराव्यात, प्रत्येकीवर ती केव्हापासून व किती वेळा घेतली जाते हे लिहावे, आणि पुढच्या भेटीत ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.